निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेळ द्यायचा असेल तर

प्रश्न असा आहे: घरी कुत्रा पाळणं जमत नाही, पण आठवड्यातले दोन-तीन तास मोकळे आहेत. प्राण्यांच्या निवारा केंद्रात जाऊन तिथल्या कुत्र्यांजवळ बसलं, त्यांना फिरवलं, तर त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि सुरुवात कुठून करायची?

उपयोग होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. निवाऱ्यातल्या कुत्र्याला अनोळखी माणसाने एका शांत खोलीत फक्त १५ मिनिटं कुरवाळलं तरी त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि तो निवांत होतो, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. एका भेटीत सगळ्या कुत्र्यांना भेटायचं नाही. तीन किंवा चार कुत्रे निवडायचे आणि प्रत्येकाला सलग १५ ते २० मिनिटं द्यायची. पन्नास डोक्यांवरून हात फिरवत गेलात तर पन्नास कुत्रे नुसते भुंकत उठतात, तुम्ही पुढे गेलात की जाळीवर उड्या मारत राहतात, आणि तो गोंधळ शांत करायचं काम तिथल्या कर्मचाऱ्यांवर पडतं.

फोन करून आधी एवढं विचारा की केंद्र कोणत्या प्रकारचं आहे. आपल्याकडे 'शेल्टर' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या जागा येतात. एक म्हणजे नसबंदी केंद्र. तिथे भटके कुत्रे आणतात, ऑपरेशन आणि रेबीजची लस होते, ओळखीसाठी कानाला खूण करतात आणि काही दिवसांनी जिथून उचलले तिथेच सोडतात. २००१ च्या आणि आता २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हीच पद्धत ठरवलेली आहे. तिथले कुत्रे आपल्या गल्लीत परत जाणार असतात, त्यांना माणसाळवायची गरज नसते, आणि नव्या स्वयंसेवकाने त्या पिंजऱ्यांपासून लांबच राहावं. दुसरी जागा म्हणजे रुग्णालय. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे त्यातलं सर्वांत जुन्यांपैकी, १८८३ पासूनचं. अशा ठिकाणी अपघात, जखमा, आजार घेऊन आलेले प्राणी असतात. तिथे काम मिळतं, पण देखरेखीखाली. तिसरी जागा म्हणजे कायमचा निवारा: आंधळे, तीन पायांचे, मागचा भाग लुळा पडलेले, म्हातारे, मालकाने सोडून दिलेले जातिवंत कुत्रे आणि दत्तक जायची वाट पाहणारी गावठी पिल्लं. तुमच्या दोन तासांचं सोनं होतं ते इथे.

जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. यात तडजोड नको. चावा होण्याआधी घ्यायचा कोर्स तीन डोसांचा असतो: पहिला ज्या दिवशी घ्याल तो शून्य दिवस, मग सातवा दिवस, आणि तिसरा २१ ते २८ व्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे ठरवल्यापासून महिनाभराने कामाला लागायचं. चाव्यानंतरची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते, आधी घ्यायची मात्र बहुतेकदा पदरच्या पैशाने घ्यावी लागते. हा कोर्स झाला असेल आणि पुढे चावा झाला, तर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि जखमेत टोचायचं सीरम लागत नाही. पण डॉक्टरकडे जावंच लागतं, हे विसरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालू मुदतीत आहे का पाहून घ्या.

दात लागला, ओरखडा आला किंवा उघड्या जखमेवर लाळ पडली, तर पहिलं काम नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं. घड्याळ लावून १५ मिनिटं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. मग तिथल्या व्यवस्थापकाला सांगायचं, कुत्र्याचा पिंजरा क्रमांक लिहून घ्यायचा, म्हणजे त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येतं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'लागलंय थोडंसं, कुत्र्यालाच बोल लागेल' म्हणून लपवणारे स्वयंसेवक असतात. कुत्र्यावरच्या प्रेमापोटीच लपवतात, पण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लपवू नका.

कपड्यांचं म्हणाल तर जुनी जाड फुल पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट. ओढणी, लोंबते कानातले, गळ्यातलं ओळखपत्र, सुटे लांब केस नकोत. अत्तर लावू नका. पावसाळ्यात गमबूट घाला आणि हातापायाच्या जखमा झाकून घ्या, कारण लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू प्राण्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि भेगाळलेल्या टाचेतूनही शिरतात. कमरेला छोटा बटवा बांधा, त्यात खाऊ. फोन सायलेंटवर.

आत शिरल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे आणि नव्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. सगळ्यांना पिल्लं हवी असतात, म्हणून येता-जाता त्यांना हात लावला जातो. पिल्लांकडे जायचं असेल तर सगळ्यांत आधी जा, तेही हात धुऊन, बाहेरचे बूट काढून आणि केंद्राने परवानगी दिली तरच. त्यानंतर निरोगी मोठे कुत्रे, मग खरूज किंवा नायटा असलेले, आणि खोकणारे, जुलाब होणारे यांच्या विभागात जायचंच असेल तर सगळ्यांत शेवटी. उलटं कधीही नाही. पार्व्होचा विषाणू, ज्याला आपल्याकडे सरसकट 'गॅस्ट्रो' म्हणतात, तो जमिनीत आणि फटींत महिनोन्‌महिने टिकतो, बुटाच्या तळव्याला आणि पँटच्या काठाला लागून फिरतो, आणि लस न झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. हाताला लावायच्या सॅनिटायझरवर तो मरत नाही. हात साबणाने चोळून धुवावे लागतात, म्हणजे विषाणू वाहून जातो.

फरशीसाठी ब्लीच वापरतात: साधारण ३० भाग पाण्याला एक भाग घरगुती ब्लीच, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. यातही एक गोम आहे. शी, लघवी, अन्न तसंच असताना वरून ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्ची पडतं आणि विषाणू शाबूत राहतो. शिवाय लघवीतल्या अमोनियाशी मिसळून डोळे झोंबवणारा वायू सुटतो. आधी खरवडून, साबणाने धुवायचं, मगच ब्लीच. ॲसिड किंवा दुसरं कुठलंही साफसफाईचं रसायन त्यात मिसळायचं नाही.

आता मुख्य काम. जाळीशी येऊन शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला माणसं मिळतातच. तुमची खरी गरज त्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला आहे. तिथल्या मावशींना किंवा दादांना विचारा, 'कोण कुणाकडेच येत नाही?' रोज ताट ठेवणाऱ्या त्या माणसांना जेवढं माहीत असतं तेवढं रजिस्टरमध्ये नसतं. कोण हातातल्या झाडूला घाबरतो, कोण ताटाजवळ गुरगुरतो, कुणाच्या कमरेला हात लावला की दुखतं, हे विचारल्याशिवाय कुठल्याही पिंजऱ्याची कडी काढू नका.

घाबरलेल्या कुत्र्याजवळ बसायची रीत अशी. पहिल्या भेटीत पिंजऱ्याच्या बाहेरच, जाळीला खांदा किंवा पाठ लावून, जमिनीवर बसा. त्याच्याकडे तोंड करून नाही. डोळ्यांत बघू नका, नावाने हाका मारू नका, चुकचुक करू नका. हळू आवाजात काहीतरी वाचा. वर्तमानपत्र चालेल, शाळेचं पुस्तक चालेल; आवाज एकसुरी आणि संथ असला की झालं. दर दोन-तीन मिनिटांनी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा जाळीतून आत, कुत्र्याच्या मागच्या बाजूला पडेल असा टाका. मागे का? तुकडा तुमच्या जवळ टाकला तर खाण्याच्या मोहाने तो भीती सोसत पुढे येतो, खाऊन झाल्यावर एकदम भानावर येतो आणि दचकून झेप घेतो किंवा चावतो. मागे टाकला की खायला त्याला तुमच्यापासून लांब जावं लागतं, म्हणजे सुटका मिळते आणि खाऊही मिळतो. थोड्या वेळाने तो स्वतःहून वळून पाहायला लागतो. तुकडा तुम्ही असताना खाल्ला का, हे त्या दिवसाचं मोजमाप. खाल्ला नाही तर अंतर वाढवा, दोन हात आणखी लांब बसा. तुम्ही उठून गेल्यावर खाल्ला, हीसुद्धा नोंद करण्यासारखी प्रगती आहे.

काही कुत्रे दुसऱ्या भेटीत येऊन बाहीचा वास घेतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. पिंजऱ्यात शिरायची परवानगी मिळाली की दाराजवळ, एका कडेला बसा, कुत्रा आणि दार यांच्या मध्ये नाही, आणि उठायला त्रास होणार नाही अशा बेताने, एक गुडघा वर ठेवून. मांडी घालून बसलात तर गरज पडली तेव्हा उठायला वेळ लागतो. तो येऊन हुंगू लागला तरी हात पुढे करू नका. हात मांडीवरच राहू द्या. नाकासमोर मूठ धरायची सवय अनेकांना असते, पण घाबरलेल्या कुत्र्याला ती चाल करून आल्यासारखी वाटते.

स्पर्श करायची वेळ आली की डोक्यावरून नाही, तर छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला, बोटांनी हलकं खाजवायचं. तीन सेकंद. मग हात काढून घ्यायचा आणि पाहायचं. अंग पुढे रेललं, नाकाने हात उचलला, तर पुन्हा तीन सेकंद. तोंड वळवलं, ओठ चाटले, जांभई दिली, अंग झटकलं किंवा नुसता गप्प उभा राहिला, तर त्याचं उत्तर 'नको' असं आहे. गप्प उभं राहणं म्हणजे होकार समजणं ही सगळ्यांत घातक समजूत. पूर्ण ताठ होऊन, श्वास रोखून, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं पाहणारा कुत्रा चावण्याच्या अगदी उंबरठ्यावर असतो. शेपूट हलतेय म्हणून फसू नका. उंच, ताठ आणि बारीक थरथरणारी शेपूट तणावाची असते. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरण्याने त्याने तुम्हाला आगाऊ सूचना दिली आहे. त्यावर ओरडा मिळाला तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल. नजर बाजूला करा, हळूच मागे सरका, आणि बाहेर आल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा.

मिठी मारू नका, कडेवर घेऊ नका, चेहऱ्याजवळ चेहरा नेऊ नका. लाडाने केलेलं असतं, कुत्र्याला मात्र ते अडकवल्यासारखं वाटतं. मोठ्यांचे हे नियम, तर लहान मुलांचं विचारायलाच नको. बारा वर्षांखालच्या मुलाला जाळीच्या आत नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. जाळीबाहेर बसून मोठ्याने वाचायचं काम मात्र मुलं फार छान करतात.

फिरवायला नेताना सर्वाधिक अपघात दाराशी होतात. कडी काढण्याआधी बाहेरच्या फाटकाला कडी आहे का पाहा. पिंजऱ्याचं दार वीतभरच उघडा, गुडघा आणि पाऊल फटीत लावून ठेवा, सरकफासाचा दोर मोठा गोल करून धरा. कुत्र्याने डोकं बाहेर काढलं की तो गळ्यात जातो. साधा गळपट्टा घाबरलेला कुत्रा मागे जोर लावून सहज डोक्यावरून काढतो. गावठी कुत्र्यांचं डोकं निमुळतं आणि मान जाड असते, त्यामुळे हे हमखास होतं. म्हणून पळून जायची भीती असलेल्याला छातीचा हार्नेस आणि गळ्यात सरकफास असे दोन दोर लावा, दोन्ही एकाच हातात. दोराच्या फाशात अंगठा घाला आणि उरलेला दोर तळव्यात घडी करून धरा. मनगटाला गुंडाळू नका; वीस किलोचा कुत्रा मांजरामागे झेपावला की मनगट मुरगळतं किंवा माणूस आडवा होतो. आपोआप गुंडाळला जाणारा दोर निवाऱ्याच्या कामाला अजिबात नको. दीड ते दोन मीटरचा साधा दोर उत्तम.

जो कुत्रा आयुष्यात कधी दोराला बांधला गेला नाही, तो दोर ताणला गेला की लोळतो, किंचाळतो, दोर चावतो. ओढू नका. दोर ढिला सोडून त्याच्याबरोबर उभे राहा. पहिल्या दिवशी पिंजऱ्यापासून दहा पावलं आणि परत, एवढंच पुरे. फाटकाबाहेर नेण्याची घाई करू नका, कारण बाहेर त्या रस्त्याचे कुत्रे असतात आणि त्यांच्या हद्दीत तुम्ही एक परका कुत्रा घेऊन शिरता. आवारातच फिरवणं पुष्कळ वेळा जास्त शहाणपणाचं असतं. फिरणं म्हणजे चालणंही नाही. त्याला हुंगू द्या. वीस मिनिटांत शंभर पावलं झाली पण प्रत्येक झुडूप हुंगून झालं, तर परतल्यावर तो पिंजऱ्यात आडवा होऊन झोपतो. ओढत दोन किलोमीटर नेलेला मात्र तसाच अस्वस्थ राहतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी आठनंतर फिरवू नका. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पायाच्या गादीलाही सोसणार नाही.

खाऊ नेताना विचारून न्या. चालतं ते: बिनमिठाचं, हाड काढलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा किंवा रताळं. चालत नाही ते: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं. ग्लुकोजची बिस्किटं सगळेच आणतात. त्यात साखर आणि मैदा यापलीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या कुत्र्याला रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. दयेपोटी जाळीतून सरकवलेलं एक बिस्कीट त्याचं ऑपरेशन पुढे ढकलायला लावतं. पाटीवर 'अन्न नको' लिहिलं असेल तर तुकडाही नाही.

एकमेकांत भांडण जुंपलं तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी तोंडावर मारा, स्टीलचं ताट जमिनीवर आपटा, पत्रा किंवा फळी दोघांच्या मध्ये सरकवा आणि मदतीला हाक मारा. सगळ्यांना एकत्र सोडलेल्या आवारात खाऊचा बटवा बाहेरच ठेवून जा. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

मागचा भाग लुळा पडलेल्या कुत्र्यांकडे नवे स्वयंसेवक दबकतच जातात. खरं तर तिथे बसणं सोपं असतं, हे कुत्रे माणसांच्या हाताळण्याला सरावलेले असतात. दर काही तासांनी कूस बदलणं, खालची ओली चादर काढणं, नितंबाच्या हाडावर लालसर डाग दिसला तर लगेच सांगणं, ही कामं शिकून घ्या. लाल डागाची जखम व्हायला वेळ लागत नाही. मूत्राशय दाबून रिकामं करणं मात्र डॉक्टरांनी हाताला धरून शिकवल्याशिवाय करू नका. आंधळ्या कुत्र्याला हात लावण्याआधी बोला, आणि प्रत्येक भेटीत तेच शब्द वापरा.

निघण्याआधी दहा मिनिटं लिहायला ठेवा. वही केंद्राची असेल तर तीत, नाहीतर तुमची. तारीख, पिंजरा क्रमांक, आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. 'गोड आहे' याचा कुणालाच उपयोग नाही. 'पुरुष आत आला की मागे जातो, बाई आली की येतो. मांजर दिसलं तरी दुर्लक्ष करतो. दोराने सरळ चालतो. डावा मागचा पाय उचलून धरतोय' हे लिहा. दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब नेमकं हेच विचारतं: घरात आजी आहेत, मूल आहे, मांजर आहे, जमेल का? लिहिलेलं उत्तर असेल तर कुत्रा योग्य घरी जातो आणि आठवड्याने परत येत नाही. शी पातळ झाली, ताट तसंच राहिलं, खोकला ऐकला, तर वहीत लिहून थांबू नका, तोंडी सांगा. फोटो काढायचा असेल तर जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात आणि जाळीबाहेर काढा. गजांमागच्या उदास फोटोने माणसं हळहळतात, पण दत्तक घेत नाहीत.

वार ठरवून घ्या. रविवारी गर्दी असते. मंगळवारी, बुधवारी कुणी नसतं. दर बुधवारी संध्याकाळी दोन तास, निदान तीन महिने, एवढं जमत असेल तरच घाबरलेला कुत्रा हाती घ्या. महिन्यातून कधीतरी जमणार असेल तर तसं मोकळेपणाने सांगा आणि दुसरं काम मागा: जुन्या चादरी आणि गोणपाट गोळा करणं, घासणं-पुसणं, गोचीड काढणं, दत्तक दिलेल्या घरांना फोन करणं. ही कामं कायम पडून असतात. घरी कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याचं लसीकरण पूर्ण ठेवा, बूट दाराबाहेर, कपडे लगेच धुवायला, आणि अंघोळ झाल्यावरच त्याला जवळ घ्या. खरजेचा किडा माणसालाही काही दिवस खाज देतो. हातावर पुरळ आलं तर डॉक्टरांना निवाऱ्यात जाता हे सांगा.

तीन-चार महिने झाले आणि एखाद्या कुत्र्याची तुमच्याशी नीट ओळख झाली, की त्याला एक-दोन रात्री घरी नेता येईल का, हे विचारा. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. घरी नेलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, त्या दिवसांत कमी झालं, आणि परत आल्यावर ते पूर्वीइतकंच झालं, जास्त नाही. 'परत सोडताना त्याला जास्तच वाईट वाटेल' या भीतीने पुष्कळ लोक नेत नाहीत. ती भीती निदान या मोजमापात खरी ठरली नाही. सोसायटीत आधी कळवा, बाल्कनीची जाळी तपासा, पहिल्या रात्री त्याला एकाच खोलीत ठेवा आणि घरातही हार्नेस अंगावर राहू द्या. दिवाळीत फटाक्यांच्या चार-पाच रात्री आवाजाला भिणाऱ्या कुत्र्यांसाठी घरं लागतात, पण त्या आठवड्यात केंद्रात माणसं कमी आणि जखमी प्राणी जास्त असतात, कागदपत्रांना कुणाला सवड नसते. म्हणून दसऱ्यालाच विचारून ठेवा आणि धनत्रयोदशीच्या आधी, दिवसाउजेडी, त्याला घरी आणा.